अरुंधती आणि घुणाक्षर : समान अक्षरांतून परभाषा वाचण्याचा प्रश्न

१

नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरचे रेल्वे स्थानक महाराष्ट्र आणि गुजरात या दोन राज्यांच्या सीमारेषेवर वसले आहे. स्थानकाचा काही भाग एका राज्यात, काही दुसऱ्या राज्यात. उद्घोषणा मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी अशा चार भाषांत. मराठी आणि हिंदी यांची लिपी एकच आहे, आणि गुजरातीची पुष्कळ अक्षरे शिरोरेषा वगळली तर देवनागरीच्या जवळची आहेत. त्यामुळे मराठी साक्षर माणसाला येथे तीन भाषा जवळजवळ फुकट मिळाल्यासारख्या वाटतात. या वाटण्याचे स्वरूप तपासणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे. अक्षर ओळखीचे आहे म्हणून शब्द ओळखीचा, शब्द ओळखीचा म्हणून अर्थ हाती आला, आणि अर्थ हाती आला म्हणून भाषा आपलीच, अशी ही साखळी असते. तिची पहिली कडी बळकट असते. पुढच्या कड्या मात्र पहिलीच्या भरवशावर तपासल्याशिवाय मान्य केल्या जातात. भाषा शिकणाऱ्याच्या बाबतीत या गफलतीची किंमत एखादा विनोदी गैरसमज एवढीच असते. समीक्षक तीच गफलत करतो तेव्हा मात्र एक संपूर्ण साहित्य चुकीच्या खात्यावर जमा होते.

या प्रश्नाचा सर्वांत जुना आणि सर्वांत विस्तृत अनुभव पूर्व आशियातील समाजांच्या गाठी आहे. चीन, जपान, कोरिया आणि व्हिएतनाम या देशांतील भाषा परस्परांहून भिन्न कुळांतल्या वा भिन्न रचनेच्या. पण त्यांच्या विद्वानांनी अनेक शतके एकच अक्षरसंपदा वापरली. त्या अनुभवाच्या उजेडात नंदुरबारसारख्या बहुभाषिक जिल्ह्याकडे पाहिले, तर आपल्याकडील ‘बोली’ आणि ‘प्रमाण’ या नेहमीच्या चर्चेत न दिसणाऱ्या काही गोष्टी दिसू लागतात.

२

चिनी अक्षरांच्या आधाराने शब्दसंग्रह वाढवण्याची रीत मुळात सोपी आहे. ‘शिकणे’ या अर्थाचे एक अक्षर आहे. त्याचा उच्चार चिनीत ‘श्वे’, जपानीत ‘गाकु’, कोरियनमध्ये ‘हाक’ आणि व्हिएतनामीत ‘होक’ असा होतो. त्याला दुसरे एक अक्षर जोडले की ‘विद्यार्थी’ हा शब्द तयार होतो आणि तो चारही भाषांत ओळखता येतो. व्हिएतनामने विसाव्या शतकात रोमन लिपी सर्वत्र रूढ केली, कोरियात हांगुल लिपीचा अंमल बसला. तरी त्या अक्षरांवर रचलेले शब्द दोन्ही भाषांत मोठ्या संख्येने टिकून आहेत. आपल्याकडे हेच काम तत्सम शब्द करतात. ‘विद्यार्थी’ हा शब्द मराठी, हिंदी, गुजराती माणसाला न शिकवता कळतो. संस्कृत धातू, उपसर्ग आणि प्रत्यय हे आपल्या भाषांचे समान चलन आहे. चिनी साधनांचे अभ्यासक असलेल्या आणि काही काळ नागपूरला कार्य केलेल्या डॉ. रघुवीरांनी याच चलनात सर्व भारतीय भाषांसाठी आधुनिक परिभाषा पाडण्याचा आग्रह धरला, हा योगायोग मानण्याचे कारण नाही. एका लिपीच्या छायेखाली अनेक भाषा नांदू शकतात हे पूर्व आशियातील दृश्य त्यांना परिचित होते.

परंतु त्या दृश्याची दुसरी बाजूही आहे. दोन अक्षरांची एक जोडी जपानीत ‘बेन्क्यो’ अशी वाचली जाते आणि तिचा अर्थ ‘अभ्यास’ असा होतो. तीच जोडी आजच्या चिनीत ‘मिआनछिआंग’ अशी वाचतात आणि तिचा अर्थ ‘नाइलाजाने, कसेबसे’ असा आहे. ‘हात’ आणि ‘कागद’ ही दोन अक्षरे जपान्याला ‘पत्र’ सांगतात. चिनी माणसाला ती शौचाचा कागद सुचवतात. पहिले उदाहरण अधिक विचार करायला लावणारे आहे. नेट लावून कष्ट करणे हा त्या जोडीचा जुना अर्थ. एका समाजाने त्यातील कष्टाचा धागा विद्येकडे ओढला, दुसऱ्याने सक्तीकडे. अक्षरे दोन्हीकडे जशीच्या तशी राहिली, आणि तरीही शब्द वेगळा झाला.

मराठी आणि हिंदी यांच्यातील ‘शिक्षा’ या शब्दाची कथा हीच आहे. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मराठीत शिक्षा म्हणजे दंड. गुजरातीतही ‘शिक्षा’ दंडाच्याच अर्थाने रूढ आहे. संस्कृतात शिकण्याच्या इच्छेशी जोडलेला हा शब्द एकीकडे शाळेत गेला, दुसरीकडे छडीपाशी थांबला. ‘अभ्यास’ हिंदीत सराव, मराठीत अध्ययन. ‘संशोधन’ हिंदीत दुरुस्ती, मराठीत नव्या ज्ञानाचा शोध. ‘आपत्ती’ हिंदीत हरकत, मराठीत संकट. ‘संसार’ हिंदीत जग, मराठीत घरप्रपंच. ‘समाधान’ तर तीन भाषांत तीन ठिकाणी उभे आहे. हिंदीत ते प्रश्नाचे उत्तर, गुजरातीत दोन पक्षांतील तडजोड, आणि मराठीत मनाची तृप्ती. नवापूरच्या बाजारात एखादे भांडण मिटले, तर गुजराती बोलणाऱ्याच्या दृष्टीने ‘समाधान’ झालेले असते. मराठी बोलणाऱ्या पक्षकाराचे ‘समाधान’ झालेले असेलच असे नाही.

३

अक्षर आणि अर्थ यांच्या या नात्याविषयी पाश्चात्त्य विचारातही बराच काळ एक गोड भ्रम होता. चिनी अक्षर उच्चाराला वळसा घालून थेट कल्पनेला भिडते, असे लायब्निट्सच्या काळापासून मानले गेले. फेनोलोसाचा चिनी अक्षरांवरचा निबंध एझ्रा पाउंडने १९१९ साली प्रसिद्ध केला आणि या समजुतीला काव्यशास्त्राची प्रतिष्ठा मिळाली. सोस्यूरनेही चिनी लिपीला कल्पनादर्शक लिपी म्हणून वेगळे काढले आणि आपले विवेचन ध्वनिदर्शक लिपीपुरते मर्यादित केले. पुढे १९६७ साली देरिदाने या ‘चिनी पूर्वग्रहा’चीच चिकित्सा केली, तर जॉन द फ्रान्सिसने १९८४ च्या ग्रंथात भाषावैज्ञानिक पुराव्यांनी त्याचे खंडन केले. बहुसंख्य चिनी अक्षरांत एक घटक अर्थाचा आणि दुसरा उच्चाराचा असतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस शू शेन याने ५४० शीर्षांखाली अक्षरांची वर्गवारी करणारा कोश रचला, तेव्हाच अशा अक्षरांचा स्वतंत्र वर्ग त्याने नोंदवलेला होता. सातव्या शतकात भारतात आलेल्या ह्युएनत्संगाने ‘महाराष्ट्र’ हे नाव ‘मो-हो-ला-छा’ अशा अक्षरांत लिहून ठेवले. तेथे अक्षरांचे अर्थ बाजूला ठेवून केवळ त्यांचा आवाज वापरला आहे.

याचा निष्कर्ष असा की, अक्षरात अर्थ साठवलेला नसतो. अक्षर हे चिन्हक; त्याचे चिन्हित कोणत्या भाषेच्या संकेतव्यूहात ते चिन्हक उभे आहे यावर ठरते. देवनागरीच्या बाबतीत तर समान अक्षराचा आवाजही समान असतो असे नाही. ‘चार’ आणि ‘चाक’ या दोन मराठी शब्दांतील ‘च’ एकच लिहिला जातो, पण उच्चार दोन होतात. प्रमाण हिंदीत या अक्षराचा एकच उच्चार आहे.

४

वाक्प्रचारांत हा प्रश्न आणखी खोल जातो. चिनी भाषेत चार अक्षरांच्या बांधीव वाक्प्रयोगांची मोठी परंपरा आहे. त्यांतील पुष्कळांच्या मागे जुन्या ग्रंथांतील एखादी गोष्ट असते. ‘भाला’ आणि ‘ढाल’ ही दोन अक्षरे एकत्र आली की ‘विसंगती’ असा अर्थ होतो. कोणतीही ढाल भेदणारा भाला आणि कोणत्याही भाल्याला न भेदणारी ढाल एकाच वेळी विकणाऱ्या व्यापाऱ्याची गोष्ट हान फेईच्या ग्रंथात आहे. चिनीत ‘माओदुन’, जपानीत ‘मुजुन’, कोरियनमध्ये ‘मोसुन’; उच्चार भिन्न, अर्थ एकच. येथे समान अक्षरांनी शिकणाऱ्याला खरोखरच हात दिला. पण ‘सकाळी तीन, संध्याकाळी चार’ या वाक्प्रयोगाचे तसे नाही. माकडांना सकाळी तीन आणि संध्याकाळी चार फळे देऊ म्हटल्यावर ती चिडली, सकाळी चार आणि संध्याकाळी तीन म्हटल्यावर खूश झाली, अशी च्वांगत्सेच्या ग्रंथातली ही कथा. जपानीत हा प्रयोग वरवरच्या फरकाला भुलण्याबद्दल होतो. आजच्या चिनीत तो चंचल, घडीघडीला मत बदलणाऱ्या माणसाबद्दल होतो. कथा एक, अक्षरे चारच्या चार तीच, आणि रोख मात्र वेगळा.

मराठी वाचकाला या वाक्प्रयोगांची जात संस्कृत न्यायांवरून लगेच ओळखता येईल. काकतालीय, अंधगज, देहलीदीप हे न्यायही असेच: दोन-तीन शब्दांत गोठवलेली गोष्ट. देशी वाक्प्रचारांतही समान घटकांचे हे फसवे रूप आढळते. ‘कान भरणे’ मराठीत आणि हिंदीत एकच काम करते. ‘तोंड काळे करणे’ मराठीत बहुधा दृष्टीआड निघून जाण्यासाठी वापरतात. हिंदीत शब्दाला शब्द जुळणारा ‘मुँह काला करना’ हा प्रयोग बेअब्रूकडे आणि अनैतिक संबंधाकडे जातो. सर्व घटक परिचित असताना अर्थ हुकतो, याचे कारण वाक्प्रचाराचा अर्थ घटकांच्या बेरजेत नसून त्याच्या वापराच्या इतिहासात असतो.

अशा वेळी शिकणाऱ्याचा अंदाज बरोबर आला तरी त्याला ज्ञान म्हणता येईल का? घुणाक्षरन्याय येथे नेमका लागू पडतो. घुणा नावाचा किडा लाकूड पोखरत जातो आणि त्या पोखरण्यात एखादे अक्षर उमटते. अक्षर खरे असते. पण किड्याने ते लिहिलेले नसते. समान अक्षरांच्या जोरावर परभाषेतील वाक्य ‘लागणे’ पुष्कळदा या जातीचे असते.

५

या अडचणीचा सर्वांत तीक्ष्ण विचार जपानमध्ये झाला. जपानी विद्वान चिनी अभिजात ग्रंथ ‘कुन्दोकु’ पद्धतीने वाचत. मूळ चिनी वाक्य तसेच ठेवायचे, बाजूला बारीक खुणा करायच्या, त्यांच्या आधारे शब्दांचा क्रम बदलायचा, जपानी प्रत्यय पदरचे घालायचे आणि वाक्य जपानीत म्हणायचे. डोळ्यांसमोर चिनी संहिता, तोंडात जपानी वाक्य. शतकानुशतकांच्या सरावाने हे वाचन इतके अंगवळणी पडले की आपण अनुवाद करीत आहोत याची जाणीवच उरली नाही.

ओग्यू सोराई (१६६६–१७२८) या विद्वानाने नेमके यावर बोट ठेवले. कुन्दोकु हे वाचन नव्हे. तो अनुवादच आहे, आणि स्वतःला अनुवाद न म्हणवणारा अनुवाद असल्यामुळे तो अधिक घातक आहे, असे त्याचे म्हणणे. म्हणून नागासाकीचे दुभाषे शिकत त्याप्रमाणे चिनी भाषा तिच्या उच्चारासह परकी भाषा म्हणून शिकावी आणि मग तिचा अनुवाद उघडपणे बोलीजपानीत करावा, असा त्याचा आग्रह होता. परकेपणाची कबुली हीच त्याच्या दृष्टीने आकलनाची पहिली अट होती. ‘याकुबुन सेन्तेई’ या त्याच्या ग्रंथाच्या नावात मासे पकडण्याचा सापळा आणि सशासाठी लावलेला फास यांचा उल्लेख आहे. तोही च्वांगत्सेकडून आलेला: मासा मिळाला की सापळा विसरावा.

आपल्याकडे अरुंधतीदर्शनन्याय हेच सांगतो. अरुंधतीची चांदणी बारीक असते, म्हणून दाखवणारा आधी तिच्याजवळच्या ठळक ताऱ्याकडे बोट करतो. नजर तेथे स्थिरावली की तो तारा सोडायला सांगतो. समान अक्षर हा असा ठळक तारा आहे. त्याच्याकडे बोट करणे चूक नाही. तोच अरुंधती आहे असे समजून नमस्कार करणे चूक आहे.

६

आता नंदुरबारकडे पुन्हा पाहता येईल. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. मराठी, हिंदी आणि गुजराती यांच्याबरोबर अहिराणी, गुजर समाजाची गुजरी, आणि देहवाली, मावची, पावरी अशी भिल्ल समूहातील भाषारूपे येथे नांदतात. यांतील लिखित व्यवहार महाराष्ट्रात बहुतांशी देवनागरीत होतो. ग्रियर्सनने १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाच्या एका भागात भिल्ल भाषांचा विचार केला आणि खानदेशीला त्याच भागात जागा दिली. मराठीचा खंड वेगळा होता. भारताच्या जनगणनेतही ‘भिली/भिलोडी’ आणि ‘खानदेशी’ या मराठीखाली न मोजता स्वतंत्र भाषा म्हणून मोजल्या जातात. २०११ साली पहिलीचे भाषक एक कोटीहून अधिक आणि दुसरीचे १८ लाखांहून अधिक होते. मराठी साहित्यव्यवहारात मात्र दोन्ही सहजपणे ‘मराठीच्या बोली’ ठरतात. वर्गीकरणाचा वाद येथे सोडवायचा नाही. लिपीच्या समानतेमुळे तो वाद सुटलेलाच आहे असे कसे वाटू लागते, हे पाहायचे आहे.

‘तथा’ हा एक शब्द घ्यावा. हिंदीत त्याचा अर्थ ‘आणि’. मराठीत आज तो मुख्यतः नावात, ‘उर्फ’ या अर्थाने उरला आहे. अहिराणीत ‘तथा’ म्हणजे ‘तिकडे’, ‘अथा’ म्हणजे ‘इकडे’ आणि ‘कथा’ म्हणजे ‘कुठे, कोणीकडे’. मराठी वाचकाच्या डोळ्यांना ‘कथा’ दिसली की गोष्ट दिसते. अहिराणी बोलणारा त्याला वाट विचारत असतो. प्रत्ययांत हे आणखी सूक्ष्म होते. ‘गावना माणूस’ यातील ‘ना’ हा अहिराणीचा षष्ठीचा प्रत्यय. मराठी कानाला तो नकार किंवा लाडिक आग्रह वाटतो. ‘करस’, ‘जास’, ‘शे’ ही क्रियारूपे मराठी वाचक मनातल्या मनात ‘करतो’, ‘जातो’, ‘आहे’ अशी फिरवून घेतो. ही खानदेशी कुन्दोकुच होय. प्रत्यय वाचकाने पदरचे घातले, क्रम आपल्या सोयीचा लावला, आणि कविता ‘समजली’.

लिपीचा हा अधिकार किती आगंतुक आहे, ते देहवालीवरून दिसते. ही भाषा अक्कलकुवा तालुक्यात बोलली जाते आणि सीमेपलीकडे गुजरातमधील सागबारा, डेडियापाडा या भागांतही. महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहिली जाते, गुजरातेत गुजराती लिपीत. बोलणारे एकमेकांचे नातलग, ‘याहा’ हा आईसाठीचा शब्द आणि याहामोगी ही देवी दोन्हीकडे एकच. लिहिताना मात्र एक भाषा दोन राज्यांच्या लिप्यांत विभागली जाते. पूर्व आशियात एक लिपी अनेक भाषांवर पसरली. येथे एक भाषा दोन लिप्यांत वाटली गेली. मग महाराष्ट्रातील अभ्यासकाला ती मराठीची बोली वाटते, गुजरातमधील अभ्यासकाला गुजरातीची. दोघांचाही पुरावा बऱ्याच अंशी डोळ्यांचा आहे, कानांचा नाही.

आश्रमशाळेत येणाऱ्या देहवाली किंवा पावरी भाषक मुलासाठी हा प्रश्न केवळ सैद्धान्तिक नाही. त्याच्या पाटीवरची अक्षरे मराठीची. पुढे हिंदीच्या तासाला तीच अक्षरे दुसऱ्या भाषेसाठी वापरायची असतात. एका तासाला ‘शिक्षा’ मिळवायची असते, दुसऱ्या तासाला ती चुकवायची असते. घरची भाषा कोणत्याच पुस्तकात नसली तरी त्याने ती ‘अशुद्ध मराठी’ म्हणून सुधारावी अशी अपेक्षा केली जाते. परक्या भाषेप्रमाणे मराठी शिकवली असती तर त्याच्या चुका शिकणाऱ्याच्या चुका ठरल्या असत्या. समान लिपीमुळे त्या बिघडलेल्या मराठीच्या चुका ठरतात.

७

समीक्षेतही हेच घडते. खानदेशातील बहिणाबाई चौधरींची कविता १९५२ साली ग्रंथरूपाने आली. तिच्या भाषेला आजही सर्रास अहिराणी म्हटले जाते. वस्तुतः ती जळगाव परिसरातील लेवा समाजाची बोली आहे, आणि अहिराणीहून तिचे व्याकरण भिन्न आहे. सात दशके प्रेमाने वाचल्या गेलेल्या कवयित्रीच्या भाषेचे नावही चुकावे, याचा अर्थ वाचकांचे प्रेम खोटे होते असा नाही. ओळखीच्या अक्षरांनी चौकशीची गरजच उरू दिली नाही, एवढाच आहे.

वाहरू सोनवणे यांच्या ‘गोधड’ या संग्रहाच्या वाचनात हा प्रश्न वेगळे रूप घेतो. शहादा परिसरातील भिल्ल श्रमिकांच्या चळवळीतून आलेल्या या कवीने मराठीतही लिहिले, म्हणून येथे कोशाची अडचण नाही. ‘गोधड’ म्हटल्यावर मध्यमवर्गीय वाचकाच्या मनात आजीच्या जुन्या लुगड्यांची उबदार, किंचित हळवी गोधडी उभी राहते. शब्द सामायिक आहे, त्यामुळे आठवणही सामायिक असावी असे तो धरून चालतो. ज्या घरात पांघरण्याचे दुसरे काही नाही, तेथे चिंध्यांचे हे पांघरूण आठवणीचा विषय नसते. याच कवीच्या ‘स्टेज’ या प्रसिद्ध कवितेतला मुख्य शब्द तर इंग्रजीतून आलेला आणि साऱ्या भारतीय भाषांत रुळलेला आहे. त्याला तळटीप लागत नाही. परंतु त्या कवितेत स्टेज ही आदिवासींच्या दुःखाविषयी इतरांनी बोलण्याची जागा आहे, आणि ज्यांचे दुःख ते खाली बसलेले आहेत. वाचक स्वतः कोठे बसून ही कविता वाचतो, यावर त्या एका शब्दाचा अर्थ ठरतो. येथे कोश थांबतो आणि समीक्षा सुरू व्हायला हवी.

प्रत्यक्षात आदिवासी आणि बोलीसाहित्यावरील मराठी समीक्षा बहुधा दोन टोकांना जाते. एकीकडे शब्दार्थांची यादी देऊन ती मोकळी होते. जणू अनोळखी शब्द तेवढे परके आणि उरलेले सारे आपले. वस्तुतः धोका यादीतल्या शब्दांत नसतो, कारण तेथे वाचक अडखळतो आणि विचारतो. धोका यादीबाहेरच्या, ओळखीच्या शब्दांत असतो. दुसरीकडे देशीवादाचा आधार घेऊन या साऱ्या भाषारूपांना मराठीच्या मुळांची, तिच्या ‘समृद्धी’ची पदवी दिली जाते. हा गौरव वाटतो, पण त्यात अहिराणी वा देहवालीचे अस्तित्व मराठीच्या उपयोगापुरते मान्य होते. जपानी विद्वानांनी चिनी ग्रंथांचा गौरवच केला होता; सोराईची तक्रार गौरवाच्या अभावाबद्दल नव्हती.

यावर एक आक्षेप संभवतो. समान अक्षरांचा एवढा संशय धरला तर शेजारच्या भाषेशी असलेले सहज नातेच तुटेल, आणि नंदुरबारच्या बाजारात माणसे रोज ज्या मोकळेपणाने भाषा बदलतात त्याला हे विवेचन अपुरे पडेल. आक्षेपात तथ्य आहे. परंतु बाजारातला माणूस ऐकणाऱ्याचा चेहरा पाहत असतो. शब्द चुकला की त्याला तत्काळ कळते आणि तो दुरुस्त करतो. छापील पानाला चेहरा नसतो. बाजारात समान शब्द आपोआप तपासला जातो. ग्रंथालयात तो तपासण्याचे काम समीक्षकाला हेतुपुरस्सर करावे लागते.

ते काम कसे करावे याचे उत्तर अवघड नाही, कष्टाचे आहे. देहवाली किंवा अहिराणी कविता मराठीत आणताना तिला लिप्यंतर वा ‘मूळ बोलीतून’ असे न म्हणता अनुवाद म्हणावे, आणि अनुवादकाचे नाव छापावे. विद्यापीठांच्या मराठी विभागांत या भाषा मराठीचे पोटभेद म्हणून न शिकवता, व्याकरण आणि उच्चारासह, स्वतंत्र भाषा म्हणून शिकण्याची सोय असावी. शब्दार्थसूचीत अनोळखी शब्दांइतकीच जागा सारख्या दिसणाऱ्या आणि वेगळा अर्थ असणाऱ्या शब्दांना मिळावी. रमेश सूर्यवंशी यांच्यासारख्या अभ्यासकांनी अहिराणीचा कोश सिद्ध केला. तो हाताशी असताना मराठीच्या अंदाजाने अहिराणी वाचणाऱ्याला सबब उरत नाही.

समान अक्षरांनी आपल्याला शेजाऱ्याच्या दाराशी आणून सोडले, हे त्यांचे उपकार मानावेत. दार आतून उघडते, हे मात्र विसरू नये. तेवढे भान राहिले तर घुणाक्षर म्हणून लागलेला अर्थ सोडून देण्याचे धैर्य वाचकाला येईल, आणि ठळक ताऱ्यावरून नजर हटवून शेजारची बारीक चांदणी शोधण्याचे श्रम त्याला अनाठायी वाटणार नाहीत.